'रॉ' म्हणजे कच्चा का?

प्रश्न असा आलाय: इगी ॲन्ड द स्टूजेस या अमेरिकन रॉक बँडचा 'रॉ पॉवर' हा अल्बम मला प्रचंड आवडतो, त्यावर मराठीत लिहायला बसलो आणि 'रॉ आणि लाउड' याचं 'कच्चा आणि गोंगाटी' असं केलं, तर बहिणीने वाचून विचारलं की एवढा वाईट आहे तर लिहितोयस कशाला? मग नेमका शब्द कोणता?

बहिणीचा कान एकदम बरोबर आहे. तिने अल्बम ऐकलेला नाही, तिने फक्त मराठी वाचलं, आणि मराठीत तुम्ही नावं ठेवल्यासारखंच झालंय ते.

आधी 'कच्चा' बघू, कारण घोळ तिथेच आहे. मराठीत कच्चा म्हटलं की पक्का त्याच्या मागे उभाच असतो. पक्का आला पक्व वरून, म्हणजे शिजलेला, पिकलेला, आणि कच्चा म्हणजे जे अजून तिथे पोचलेलं नाही ते. कच्ची वीट म्हणजे भट्टीत जायची राहिलेली, कच्चा खर्डा म्हणजे ज्याची अजून नीट प्रत काढायची आहे, कच्चा कैदी म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल लागायचाय, गणितात कच्चा म्हणजे शिकवणी लावायला पाहिजे असा पोरगा, आणि खेळात कच्चा लिंबू म्हणजे ज्याच्यावर राज्य येत नाही तो धाकटा. सगळीकडे काहीतरी व्हायचं बाकी आहे. म्हणून 'कच्चा अल्बम' वाचलं की माणसाला वाटणार की पोरांनी नीट तालीम केली नाही, घाईत रेकॉर्ड करून टाकला.

आणि 'रॉ पॉवर' मध्ये व्हायचं बाकी असं काहीच नाहीये. आठ गाणी, साधारण चौतीस मिनिटं, आणि पहिल्या सेकंदापासून जेम्स विल्यमसनचा गिटार अंगावर येतो, प्रस्तावना नाही, हळूहळू आवाज वाढवत नेणं नाही, जणू आपण दार उघडलं आणि आत आधीपासून चालूच होतं. त्या पहिल्या गाण्याचं नाव 'सर्च ॲन्ड डिस्ट्रॉय', हा व्हिएतनाम युद्धातला लष्करी शब्दप्रयोग, शोधा आणि नष्ट करा. विल्यमसनला येत नव्हतं म्हणून तो तसा वाजवतो असं अजिबात नाही, त्याचा उजवा हात ऐका, इतक्या वेगात इतकं नेमकं वाजवणं कच्च्या माणसाचं काम नाही. त्याला तेच करायचं होतं आणि त्याने ते पूर्ण केलंय.

मग इंग्रजीत रॉ का म्हणतात? इथे मला वाटतं आपण शब्दाची चुकीची फांदी पकडतो. इंग्रजी रॉ ला दोन अंगं आहेत. एक न शिजवलेलं, त्याला आपला कच्चा चालतो. दुसरं अंग म्हणजे साल निघालेली कातडी, जखमेवरची खपली उपटल्यावर खाली जे लालबुंद हुळहुळणारं दिसतं ते. लहानपणी डांबरी रस्त्यावर सायकलवरून पडल्यावर गुडघा 'सोलवटला' म्हणायचो ना, तो सोलवटलेला गुडघा म्हणजे हा दुसरा रॉ, नुसती हवा लागली तरी झोंबतो. लोक या अल्बमला रॉ म्हणतात तेव्हा हा अर्थ त्यात निम्म्याहून जास्त असतो. 'गिम्मी डेंजर' ऐका, साध्या अकूस्टिक गिटारवर सुरू होतं, गायक इगी पॉप जवळजवळ कुजबुजल्यासारखा गातो, आणि सुरुवात शांत असूनही ते सोलवटलेपण तिथे आहेच. म्हणजे रॉ चा संबंध नुसता मोठ्या आवाजाशी नाही, हे त्या एका गाण्यावरून कळतं.

पण 'सोलवटलेला अल्बम' असं काही लिहिता येणार नाही, ते मला पण मान्य आहे. त्यामुळे एकच शब्द पाहिजे असेल तर माझं मत 'रांगडा'. रांगडा गडी, रांगडी भाषा, रांगडं प्रेम, यात कुठेही 'अजून सुधारायचंय' असं नसतं. रांगड्याला कोणी पॉलिश करायला जात नाही, केलं तर तो रांगडा राहत नाही. शिवाय त्यात ताकद आपोआप येते, अशक्त माणसाला कोणी रांगडा म्हणत नाही. आणि गंमत बघा, अल्बमच्या नावाचंच मराठी करून बघितलं तर 'कच्ची ताकद' ला काही अर्थ लागत नाही पण 'रांगडी ताकद' हे आपण कुस्तीच्या फडापासून क्रिकेटपर्यंत रोज बोलतो.

बाकीचे शब्द पण बरेच लोक सुचवतात. ओबडधोबड मध्ये आकार आहे पण जोर नाही. रासवट म्हणजे शिवीच झाली. राकट चांगला शब्द आहे पण तो हाताला, चेहऱ्याला, देहाला जास्त शोभतो, आवाजाला लावला की जरा ओढून आणल्यासारखा वाटतो. गावठी तर अजिबात नको, गावठी अंडी म्हटलं की कौतुक आणि माणसाला गावठी म्हटलं की अपमान, आणि हा अल्बम गावाकडचा नाहीये, ही मंडळी डेट्रॉइटच्या बाजूच्या ॲन आर्बरची, मोटारींच्या कारखान्यांच्या टापूतली.

आता दुसरा भाग, आवाजाचा पोत. इथे मराठीत एक तयार शब्द आहे आणि लिहिताना तो कोणी वापरत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. लग्नात, जत्रेत आवाज जास्त वाढवला की आपण म्हणतो 'आवाज फाटतोय'. बास, हाच तो. डिस्टॉर्शनला, म्हणजे मुद्दाम बिघडवलेल्या आवाजाला, 'विकृती', 'विरूपण' असलं काही शोधायची गरजच नाही, 'फाटका आवाज' म्हणा, कोणालाही कळेल. आणि हा शब्द किती नेमका आहे बघा, १९६४ साली लंडनच्या किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी पडदा खरोखर ब्लेडने फाडला होता, गिटारचा आवाज तसा यावा म्हणून. नंतर त्यासाठी पायाने दाबायची पेडलं मिळायला लागली पण हार्ड रॉक आणि पंक या रॉकच्या दोन्ही प्रकारांत जो करकरीत, कडा फाटलेला सूर ऐकू येतो त्याच्या घराण्यात हा खरोखरचा फाटका स्पीकर आहे.

'रॉ पॉवर' मध्ये तर अशा आवाजाचे दोन प्रकार ऐकायला मिळतात. रेकॉर्डिंग १९७२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लंडनला झालं, आणि मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे आवाज कमी-जास्त करून जुळवणं, इंग्लिश गायक डेव्हिड बोवीकडे गेलं. बोवीने नंतर सांगितलं की टेपवर चोवीस ट्रॅकची, म्हणजे चोवीस आवाज वेगवेगळे ठेवायची, सोय असताना इगीने फक्त तीन वापरले होते, एकावर अख्खा बँड, एकावर लीड गिटार, एकावर गाणं, मग कमी-जास्त करणार तरी काय. १९७३ मध्ये आलेल्या त्या मूळ आवृत्तीत गिटार आणि आवाज नाकासमोर, आणि बँडमधल्या ॲशटन भावांचे ड्रम आणि बेस मागच्या खोलीत वाजल्यासारखे. मला ही 'चिरकी' वाटते, पातळ पण धारदार. पुढे १९९६ मध्ये इगीने स्वतः परत मिक्स केलं आणि १९९७ ला ते आलं, त्यात सगळंच शेवटापर्यंत चढवलेलं, आवाज अक्षरशः फाटतो. कोणती चांगली यावर चाहत्यांमध्ये अजून वाद होतात, मी मूळ आवृत्तीच्या बाजूचा, कारण त्यात गिटार सुरीसारखा एकटा पुढे येतो. पण शब्द निवडताना हा फरक धरा, चिरका वेगळा आणि फाटका वेगळा.

लाउड साठी 'गोंगाटी' नको. गोंगाट म्हणजे कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसणं, भाजी मंडईत असतो तो, शिक्षक वर्गाबाहेर गेल्यावर होतो तो. त्यात ठेका नसतो. ठेका असलेल्या मोठ्या आवाजाला आपल्याकडे 'दणदणाट' आहे, ढोलाचा दणदणाट, ताशाचा मात्र कडकडाट, इतका बारीक फरक आपण करतो. स्टूजेस दणदणाट करतात.

आवडण्याचं कारण पण याच शब्दांत सांगता येईल असं वाटतं. अल्बम आला तेव्हा फार कोणी घेतला नाही, अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत १८२ पर्यंतच पोचला. पण ज्यांनी घेतला त्यांच्यातल्या पोरांनी गिटार हातात घेतले, सेक्स पिस्तल्स या इंग्लिश पंक बँडचा गिटारवादक स्टीव्ह जोन्स हा अल्बम लावून त्याच्यासोबत वाजवत वाजवत शिकला. म्हणजे १९७६-७७ च्या इंग्लंडमधल्या पंकचं बियाणं तीन-चार वर्षं आधीच पडलेलं होतं. गुळगुळीत रेकॉर्ड ऐकून माणूस लांबून कौतुक करतो, रांगडी ऐकून त्याला वाटतं हे मी पण करू शकतो, मग करायला गेल्यावर कळतं विल्यमसन किती अवघड आहे, पण तोवर सुरुवात झालेली असते.

तर तुमचं वाक्य मी असं केलं असतं: 'रांगडा, दणदणीत अल्बम, गिटारचा आवाज कडेला फाटलेला, आणि मधे मधे सोलवटल्यासारखा झोंबणारा.' बहिणीला परत दाखवा आणि सोबत 'गिम्मी डेंजर' ऐकवा, पहिलं गाणं नंतर.

एक राहिलंच, 'पंक' लिहिताना काही जण 'पन्क' लिहितात कारण पंक म्हणजे चिखल, पंकज मधला. मी तरी अनुस्वार देऊनच लिहितो, वाचणाऱ्याला संदर्भाने कळतं, आणि इंग्रजीत तरी तो शब्द मुळात कुठे सभ्य होता, कुजून वाळलेलं, ठिणगी पडताच धुमसणारं लाकूड हा त्याचा एक जुना अर्थ.