एकटं प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, देवासोबत स्वतःचं नातं कसं वाढवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. लहानपणापासून चर्चला जाता, प्रभूची प्रार्थना पाठ आहे, गीतं पाठ आहेत, पण पाळकसाहेब "प्रभूसोबत वैयक्तिक नातं ठेवा" म्हणतात तेव्हा नेमकं काय करायचं ते कळत नाही आणि एकटं बसलं की भिंतीशी बोलायलो असं वाटतं. मी जालन्याचा, मोंढ्यात म्हणजे धान्याच्या बाजारात हिशोबाचं काम करतो, बायबल कॉलेजला वगैरे गेलेलो नाही. पण हा प्रश्न आमच्याकडच्या कित्येक पोरापोरींच्या मनात असतो आणि कुणी तोंडानं विचारत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक सांगतो, हे नातं तुम्हाला शून्यापासून उभं करायचं नाहीये. योहानाच्या पहिल्या पत्रात ४:१९ ला सरळ लिहिलंय की आपण प्रीती करतो कारण त्यानं आधी आपल्यावर प्रीती केली. म्हणजे सुरुवात तिकडून झालेली आहे. ख्रिस्ती विश्वास इथूनच सुरू होतो, की देव माणसाला शोधत आला, येशूमध्ये आला, आणि तुम्ही चांगली प्रार्थना करायला शिकलात की मग तो जवळ येईल असं काही नाही. हे डोक्यात बसलं ना की निम्मं ओझं तिथंच उतरतं.

आता करायचं काय, तर माझं स्पष्ट मत, खरं बोलायला लागा. आपण बरेच जण देवाशी असं बोलतो की जणू तहसीलला अर्ज लिहायलोय, हे परमकृपाळू, हे सर्वसमर्थ, आम्ही नम्रपणे विनवितो, वगैरे. चर्चमध्ये सगळ्या मंडळीच्या वतीनं बोलताना ती भाषा शोभते, मला स्वतःला ती आवडते. पण रात्री एकट्यानं बसल्यावर, उद्या हप्ता भरायचाय आणि खात्यात पैसे नाहीत हे पोटात डाचतंय आणि तोंडानं मात्र भलतंच चाललंय, तर मग भिंतीशी बोलल्यासारखंच वाटणार ना, कारण तुम्ही स्वतःच त्या बोलण्यात नाही.

माझी आजी जालन्याजवळच्या एका खेड्यात राहायची, तिला अक्षरओळख नव्हती. सकाळी चुलीपुढं बसून ज्वारीच्या भाकरी करताना ती देवाशी बोलायची, चांगलं मोठ्यानं, आम्ही पोरं बाजूला बसलेलो असलो तरी. "देवा, पोरगी बाळंतपणाला आलीय, घरात तूप नाही, कसं करू सांग." मग भाकरी तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायची आणि जरा वेळ गप्प राहायची. मग परत, "बरं, त्या धाकट्याकडं बघ, त्याला वाईट संगत लागू देऊ नको बाबा." भाकरी पलटायची, चुलीच्या कडेला निखाऱ्यावर फुगायला लावायची, आणि तेवढ्यात पाऊस, म्हैस, शेजारणीचा ताप सगळं सांगून व्हायचं. आमेन म्हणताना मी तिला त्या वेळी कधी ऐकलं नाही कारण बोलणं संपायचंच नाही, पाणी आणायला निघाली की वाटेनं पुढचं सुरू. बायबलातलं तेविसावं स्तोत्र तिला ऐकून ऐकून तोंडपाठ होतं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", ते ती संध्याकाळी म्हणायची. माझ्या बघण्यातलं देवाशी सगळ्यात जवळचं नातं तिचं होतं.

येशूनं पण हेच शिकवलं. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तो म्हणतो खोलीत जा, दार लावून घे, आणि खूप शब्द बोलले म्हणजे देव ऐकतो असं समजू नका, तुम्ही मागायच्या आधीच पित्याला तुमची गरज माहीत आहे. आणि त्याच्या लगेच पुढं जी प्रभूची प्रार्थना दिलीय ती म्हणायला मिनिटभर पण लागत नाही. आता आपल्या घरात दार लावायला वेगळी खोली कुठून आणणार, दोन खोल्यात सहा माणसं, टीव्ही चालू. तर गच्चीवर जा, शेतात जा. येशू स्वतः पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात जायचा असं मार्क १:३५ मध्ये आहे. मी मोंढ्यात लिलाव सुरू व्हायच्या आधी दुकानाच्या मागं पोत्यांवर बसतो, तिथं कुणी येत नाही.

आणि तक्रार पण करा, हे मुद्दाम सांगतो कारण आपल्याकडं देवावर चिडणं म्हणजे पाप असं पोरांना सांगून ठेवतात. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी रडण्याची, भांडणाची आहेत. तेरावं काढून वाचा, सुरुवातीलाच दाविद चार वेळा देवाला विचारतो की किती वेळ, असं कुठवर चालायचं. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही की काही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी आमच्याकडंही बोअर आटलेले, माणसं उपासनेला येऊन नुसती बसून राहायची. तेव्हा "सगळं प्रभूच्या इच्छेनं होतं" असं गोड बोलण्यापेक्षा "देवा तू कामून गप्प आहेस" असं विचारणं जास्त विश्वासाचं होतं असं मी आजही मानतो. जो नाहीच असं वाटतं त्याच्याशी माणूस भांडत नाही. वधस्तंभावर येशूनं पण बावीसावं स्तोत्रच उच्चारलं, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास.

दुसरी बाजू ऐकण्याची. इथं बरेच जण अडकतात कारण त्यांना वाटतं कानात आवाज आला पाहिजे, अंगावर शहारे आले पाहिजेत, बाजूचा रडायलाय आणि मला काहीच होईना म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे. भाऊ, तसं काही नाही. कुणाला रडू येतं, कुणाला येत नाही. ऐकायची रोजची जागा म्हणजे शुभवर्तमान, बायबलातली येशूच्या आयुष्याची चार पुस्तकं. मार्कापासून सुरू करा, सगळ्यात लहान आहे, १६ अध्याय, भाषा धावती. पण वर्षात अख्खं बायबल संपवायचंय असा टार्गेट ठेवून वाचू नका, एक प्रसंग घ्या आणि त्यातच थांबा. उदाहरण म्हणून दहाव्या अध्यायातला बार्तीमय घ्या, ओव्या ४६ ते ५२. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी, येशू चाललाय कळल्यावर ओरडायला लागतो, लोक त्याला गप्प बस म्हणतात तर हा अजून मोठ्यानं ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलवा म्हणतो. तो अंगावरचं वस्त्र टाकून उठतो आणि येतो. आणि मग येशू काय विचारतो बघा, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं. आता समोर आंधळा माणूस उभा आहे, काय पाहिजे ते लहान पोरालाही कळेल, येशूला कळलं नसेल का? तरी विचारतो. त्याला ते त्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय. मला ह्या प्रसंगात सगळं नातं दिसतं, की त्याला माहीत असूनही त्याला तुमच्याकडून ऐकायचं असतं, आणि तुम्ही म्हणाल तेव्हा तो गर्दीतही थांबलेला असतो.

मराठी ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांचं पण असंच वाचण्यातून सुरू झालं. राजनांदगावला जाताना रेल्वेत एका अनोळखी गोऱ्या साहेबानं त्यांच्या हातात नवा करार दिला, ते वाचत वाचत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि मग त्यांना ते सोडवेना. १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढं आपल्याला भजनं दिली, कीर्तनं दिली. आज आपल्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर, टाळावर जे अभंग म्हणतो ना, ते म्हणणं पण देवाशी बोलणंच आहे, वाक्य सुचत नसेल त्या दिवशी एक अभंग म्हणा, चालतं.

एक सावधगिरीचं. "देवानं मला सांगितलं की तू अमुक इतके पैसे दे" किंवा "तमक्याशी लग्न कर" असं कुणी म्हणायला लागला तर लगेच मान डोलवू नका. बायबलच्या वचनाशी ताडून बघा, एखाद्या जाणत्या वडीलधाऱ्याला विचारा. तुमच्या स्वतःच्या मनात आलेल्या गोष्टीला पण हीच कसोटी लावा.

आणि वैयक्तिक म्हणजे एकटं एकटं असं अजिबात नाही. आमच्या वडिलांचा आणि चुलत्याचा बांधावरून वाद होता, मराठवाड्यात हा वाद नसलेलं घर सापडणं अवघडच. बोलणं बंद, लग्नकार्याला जाणं बंद. एका रविवारी मत्तय ५:२३-२४ वाचण्यात आलं, की वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. वडील उपासना संपल्यावर घरी न येता तसेच चुलत्याच्या वस्तीवर गेले. बांध काही लगेच सुटला नाही, तलाठी, मोजणी सगळं नंतर झालंच, पण त्या दिवशी दोघांनी सोबत चहा घेतला आणि वडील म्हणायचे की तेव्हापासून त्यांना प्रार्थनेला नीट बसता यायला लागलं. त्यामुळं प्रार्थना अडल्यासारखी वाटत असेल तर आधी बघा कुणाशी बोलणं तोडलंय का. मग चर्चला जाणं, प्रभुभोजन, आजाऱ्याला भेटायला जाणं हे सगळं त्याच नात्यातलं आहे, ते सोडून फक्त मोबाईलवर संदेश ऐकून भागत नाही.

वेळ म्हणाल तर ठरावीक ठेवा, थोडा का असेना. कोरडे दिवस येतात, मला पण येतात, त्या दिवशी नुसतं "देवा, आज काही सुचेना, पण मी आलोय" एवढं म्हणून बसा. रोमकरांस पत्र ८:२६ मध्ये लिहिलंय की आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, म्हणजे तो वेळ वाया जात नाही.

आज रात्री तोच बार्तीमयाचा भाग काढा, हळू वाचा, आणि येशूनं जो प्रश्न त्याला विचारला तो तुम्हालाच विचारलाय असं धरून त्याचं उत्तर तुमच्या घरात बोलता त्या बोलीत, मोठ्यानं द्या. काही अडलं तर खाली विचारा, दुपारी मोंढा जरा शांत असतो तेव्हा मी बघतो. जय ख्रिस्त.