कपाशीवर फवारणी करणाऱ्याला भूल देण्याआधी कोलिनेस्टरेज का तपासतात?

तुम्ही विचारलंय: चोपड्याकडे आबा कपाशीवर फवारणी करतात, आता हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, भूलतज्ज्ञांनी कोलिनेस्टरेजची तपासणी सांगितली, भुलीच्या औषधाने रक्तातलं एंझाइम बिघडतं का?

उलट आहे. एंझाइम आधीच मार खाल्लेलं असेल तर भुलीतलं एक औषध लवकर उतरत नाही. ते म्हणजे सक्सिनिलकोलिन; ऑपरेशन थिएटरात त्याला स्कोलिन म्हणतात. श्वासनलिकेत नळी घालण्यापुरते स्नायू ढिले करायला किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम शिरेतून देतात. मिनिटभरात असर होतो आणि ५ ते १० मिनिटांत उतरतो, कारण यकृतात तयार होणारं, रक्ताच्या द्रव भागातलं (प्लाझ्मातलं) कोलिनेस्टरेज हे एंझाइम ते तोडून टाकतं.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही फवारणीची औषधं याच एंझाइमला घट्ट चिकटतात. यकृताने नवं तयार करेपर्यंत पातळी भरत नाही, त्याला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. इमिडाक्लोप्रिड या दुसऱ्या कीटकनाशकाचं तसं नाही, म्हणून "फवारा मारतो" एवढं सांगून भागत नाही. डब्यावरचं नाव आणि शेवटच्या फवारणीची तारीख सांगा. लेबलचा फोटो न्या.

एंझाइम निम्म्यावर आलं तरी फरक थोड्या मिनिटांचाच पडतो. पाव हिश्श्याच्याही खाली गेलं तर मात्र पेशंटचा श्वास परतायला बराच जास्त वेळ लागू शकतो, कधी कधी काही तासही. तेव्हा व्हेंटिलेटर चालू ठेवायचा, झोपेचं औषध द्यायचं (शुद्धीवर असून हात हलत नाही, ही अवस्था फार भयंकर) आणि वाट बघायची. घाईने निओस्टिग्मिन (स्नायू ढिले करणाऱ्या इतर काही औषधांचा असर उतरवणारं औषध) देऊ नये. ते उरलंसुरलं एंझाइमही अडवतं.

कधीच फवारणी न करणाऱ्याचा रिपोर्ट कमी आला तर यकृताचा आजार किंवा जन्मजात दोष बघावा लागतो. जन्मजात दोषासाठी डिब्युकेन नंबर काढतात, म्हणजे डिब्युकेन हे औषध या एंझाइमला किती टक्के अडवतं ते बघतात: नेहमीचा ८० च्या आसपास, आई-वडील दोन्हीकडून दोष आला असेल तर २० च्या आसपास. लॅबगणिक पद्धत वेगळी असते, म्हणून रिपोर्टवर छापलेल्या त्याच लॅबच्या मर्यादेशीच आकडा ताडून बघा.

हर्नियाचं ऑपरेशन बहुतेकदा पाठीत इंजेक्शन देऊन होतं. तिथलं बधिर करणारं औषध, ब्युपिव्हाकेन, या एंझाइमवर अवलंबून नाही. पण ती भूल अपुरी पडली तर पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून तपासणी टाळू नका. आकडा खाली आला तर स्कोलिनऐवजी रोक्युरोनियम हे स्नायू ढिले करणारं दुसरं औषध वापरता येतं. हर्निया अडकलेला नसेल तर फवारणी थांबवून महिना-दीड महिना ऑपरेशन पुढे ढकललं तरी चालतं. अडकला, दुखून उलट्या सुरू झाल्या, तर रिपोर्टसाठीही थांबू नका, तसंच दवाखान्यात न्या आणि फवारणीचं पहिल्यांदा सांगा.