तीन सूर, दोनदा

मागच्या अंकात निन्टेंडोच्या 'झेल्डा' या व्हिडिओ गेम सिरीजच्या म्युझिकबद्दल मी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. ज्यांनी दुसरं काही विचारलंय त्यांना पुढच्या अंकात नक्की उत्तर देतो.

प्रश्न : हल्लीच्या गेम्सना अख्खा ऑर्केस्ट्रा असतो पण गेम बंद केला की एक ओळ गुणगुणता येत नाही. उलट झेल्डाच्या सगळ्यात पहिल्या गेमची ती टूंटूं धून, जी माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे, दोनदा ऐकली आणि पाठ झाली. हे नुसतं जुनं ते सोनं आहे का?
(कॉलेज विद्यार्थी, सांगली)

नाही रे, आणि उत्तर तुझ्याच पत्रात आहे. जो गेम तुझ्या जन्माआधीचा, त्याच्या बालपणीच्या आठवणी तुला असणारच कुठून, तरी धून बसली म्हणजे तिच्यातच काहीतरी आहे. पहिला झेल्डा जपानमध्ये फेब्रुवारी १९८६ ला आला, संगीत कोजी कोंडो यांचं, ज्यांनी त्याच्या आदल्याच वर्षी सुपर मारिओला चाल दिली होती. तेव्हाच्या फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेंडोच्या टीव्हीला जोडून खेळायच्या मशीनच्या, चिपमध्ये पाचच आवाज निघायचे, दोन पल्स वेव्ह, एक ट्रँगल वेव्ह जी बहुतेक वेळा बेसला वापरायचे, एक नुसता खरखराट जो तालाला, आणि एक छोट्या सॅम्पलसाठी, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्यासाठी. बरं हे पाचही गाण्याला पूर्णवेळ मिळतील असं नाही, कारण उडी मारल्याचा, तलवारीचा, नाणं मिळाल्याचा आवाज पण त्यातलाच एखादा तेवढ्यापुरता हिसकावून घ्यायचा. अशा ठिकाणी वातावरणनिर्मिती वगैरे करायला जागाच नाही, म्हणजे चाल स्वतःच्या पायावर उभी राहिली तर राहिली, नाहीतर गेली.

आणि ती मिनिटभराची चाल सारखी सारखी वाजणार, माणूस एकाच ठिकाणी अडकला तर तासभर सुद्धा. आपल्या भजनात ध्रुवपद परत परत येतं आणि तरी टाळ वाजवणाऱ्याचा हात थांबत नाही, तशी चाल लागते तिथे.

झेल्डाची एक गोष्ट मला फार आवडते. कोंडोंनी आधी स्वतःची धून केलीच नव्हती, ते रावेल या फ्रेंच संगीतकाराची 'बोलेरो' ही १९२८ ची रचना वापरणार होते. गेम जवळपास तयार झाल्यावर कळलं की तिचा कॉपीराइट अजून संपलेला नाही, मग एका रात्रीत त्यांनी नवीन धून लिहून काढली आणि तीच पुढची चाळीसेक वर्षं सिरीजची ओळख झाली.

पण जुनं म्हणून सगळंच चांगलं असं मी म्हणणार नाही, त्याच चिपवर शेकडो गेम आले आणि त्यातल्या बहुतेकांची एक ओळ कुणाला आठवत नाही. फरक कुठे पडतो तर धून तुझ्या हाताशी बांधलेली आहे का यात. नव्वदच्या दशकात आमच्याकडे टीव्हीला जोडायचा तो नकली फॅमिकॉम होता, कॅसेटला फुंकर मारून खेळायचा, आणि त्यातल्या मारिओत उरलेला टाइम शंभरवर आला की एक इशारा वाजून तेच गाणं जास्त घाईत सुरू व्हायचं. आजही ते ऐकलं की माझा अंगठा आपोआप दाबला जातो. ते गाणं मी कधी बसून ऐकलंच नाही, त्याच्यावर पळालोय, म्हणून ते गेलं नाही. ज्या ऑर्केस्ट्राबद्दल तू म्हणतोयस तो बहुतेक वेळा तू काहीही केलंस तरी मागे तसाच वाजत असतो, मग तो लक्षात कशाला राहील.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, पेटी शिकतो. मामाच्या जुन्या मशीनवर झेल्डाचा ऑकारिना ऑफ टाइम खेळल्यापासून तीच गाणी पेटीवर शोधत बसतो. क्लासच्या बाई म्हणतात असलं वाजवून हात बिघडेल. त्याला थांबवू का? आणि सूर बरोबर आहेत का ते कसं बघू?
(एक आई, इचलकरंजी)

थांबवू नका हो! बाईंची काळजी मी समजू शकतो, अलंकार आणि पलटे सोडून फक्त हेच वाजवलं तर हात बसणार नाही हे खरंच आहे, तेव्हा रियाज आधी आणि हे नंतर. पण स्वतःच्या कानाने सूर शोधायचा नाद लागलाय त्याला, तो नाद अकराव्या वर्षी लागतो तेव्हा मोडू नये.

सूर बघायचे तर पांढरी दोनचा सा धरा. त्या गेममध्ये (१९९८ चा आहे, निन्टेंडो ६४ या मशीनवरचा) नायकाच्या, म्हणजे लिंकच्या, हातात ऑकारिना असते, म्हणजे फुंकून वाजवायचं एक मातीचं वाद्य असतं तसं, आणि पाच बटणांवर पाच सूर : सा, कोमल ग, प, शुद्ध ध आणि तार सा (म्हणजे सां). पाचही पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात, काळीला हात लावावा लागत नाही. आता राजकन्या झेल्डाची अंगाई म्हणजे ध सां प, ध सां प. घोडीला हाक मारायची धून सां ध प, सां ध प. लिंकची मैत्रीण सारिया, तिची ग प ध, ग प ध. वादळाची सा ग सां, सा ग सां. ग सगळीकडे कोमलच.

आता पहिल्या दोन परत बघा. तेच तीन सूर आहेत, ध, सां आणि प, फक्त आधी कुठला घेतला एवढाच फरक, आणि एक ऐकून झोप यावी अशी तर दुसरी माळावर लांब मारलेल्या हाकेसारखी. लेकाला अंगाईत ध दोन मात्रा, सां एक आणि प तीन मात्रा धरायला सांगा, बरोबर सहा होतात, तबल्यावर कुणी असेल तर खुशाल दादरा लावा, दोन आवर्तनांत धून पूर्ण. हे बाईंनाही वाजवून दाखवू दे. तीन सुरांत दोन वेगळे भाव कसे येतात हे त्यांच्याइतकं चांगलं त्याला कुणी समजावणार नाही.

गेममध्ये हे तीन सूर दोनदा तुम्ही वाजवायचे, बरोबर आले की पुढची ओळ गेम स्वतः पुरी करतो, आणि मग काहीतरी घडतं, धबधबा बाजूला होतो, घोडी धावत येते, पाऊस पडतो. म्हणजे गाणं हीच किल्ली, आणि किल्ली विसरून कसं चालेल. आणखी एक, बटण दाबून धरलं आणि कंट्रोलरवरची काडी हलवली की सूर खालीवर सरकतो, म्हणजे मींड घेता येते, जी पेटीवर येत नाही! मुलाला हे आधीच कळलं असेल बहुतेक.

त्याच गेममध्ये एक जंगल आहे, चारी बाजूंना सारखीच दिसणारी भोकं, चुकीच्या भोकातून गेलात की परत सुरुवातीला. बाण नाही, नकाशाचा उपयोग नाही. तिथे सारियाची धून वाजत असते, आणि एकेका भोकाजवळ जाऊन कान द्यायचा, जिथून आवाज मोठा येतो ती वाट बरोबर. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा टीव्हीचा आवाज बंद होता, रात्रीचे अकरा वाजून गेलेले, घरात सगळे झोपलेले, आणि पाऊण तास मी त्याच जंगलात गोल गोल फिरत होतो. शेवटी आवाज थोडा वाढवला, टीव्हीला कान लावून बसलो, आणि दहा मिनिटांत बाहेर पडलो. ती धून मला मेलो तरी विसरायची नाही.

प्रश्न : झेल्डाचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड घेतला, महागातला, आणि बघतो तर म्युझिकच नाही! मधेच पियानोचे दोन ठोके, परत शांत. ज्या सिरीजचं गाणंच एवढं गाजलं तिने असं का करावं?
(वाचक, ठाणे)

तुमची चिडचिड कळते, २०१७ ला मलाही पहिले दोन दिवस असंच वाटलं होतं. पण तो गेम केवढा मोठा आहे बघा, माणूस त्यात शंभर तास भटकतो, आणि शंभर तास ती मूळ धून मागे वाजवली असती तर कितीही गोड असली तरी विटली असती. त्याच्या संगीतकार मनाका काताओका आणि त्यांच्या सोबतच्यांनी उलटं केलं, वारा आणि गवताचा आवाज ठेवला, पियानो चवीपुरता. मग धून कुठे गेली तर ती लपवून ठेवलीय. एकदा घोडा घ्या आणि न उतरता बराच वेळ पळवत रहा. टापांबरोबर पियानो सुरू होतो, आणि मग अगदी संथ, ओळखू येईल न येईल अशी ती १९८६ ची धून त्यात येते. मला ती ऐकू आली तेव्हा मी लगाम सोडून तसाच बघत राहिलो. मैफलीत गायक तासभर आलापी करतो आणि मग बंदिशीचा मुखडा घेतो ना, तेव्हा श्रोते कसे हलतात, तसं झालं.

आणि आता वरच्या इचलकरंजीच्या ताईंचं उत्तर वाचून तबेल्यात जा. तिथे जे हलकंफुलकं संगीत वाजतं त्यात सां ध प ऐकू येईल, घोडीची तीच हाक. सुरुवातीच्या पठारावर टेंपल ऑफ टाइम पडलेल्या अवस्थेत आहे, आत गेलात की त्या देवळाची जुनी धून वाजते, पण एवढी तुकड्या तुकड्यांत की दोन सुरांच्या मध्ये आपण श्वास रोखून थांबतो. इमारत मोडलीय आणि गाणंही मोडलंय. ज्याने आधीचे गेम खेळलेत त्याला तिथे रडू येतं, ज्याने नाही त्यालाही काहीतरी हरवलंय एवढं नक्की जाणवतं. म्युझिक नाही म्हणू नका, अजून दहा तास द्या.

प्रश्न : एकच चाल सिरीजभर फिरवतात हा आळस नाही का?
(वाचक, नाशिक)

नुसती फिरवली तर आळसच. पण २००० सालच्या मजोराज मास्क या झेल्डा गेममधलं गाव घ्या. तीन दिवसांनी चंद्र आदळून सगळं संपणार आहे, आणि गावाची चाल तिन्ही दिवस तीच. पहिल्या दिवशी आठवडी बाजारासारखी निवांत, दुसऱ्या दिवशी पावसात वेगळ्या अंगाने, आणि तिसऱ्या दिवशी तीच चाल जोरात पळते आणि खाली मंद्रात काहीतरी भीतीदायक घुमत राहतं. शेवटचे सहा तास उरले की ती चालही थांबते आणि एक उदास, संथ सूरावट येते. नवीन चाल दिली असती तर एवढं पोटात गेलं नसतं, कारण पहिल्या दिवशीची मजा तुमच्या कानात आहे म्हणूनच तिसऱ्या दिवशी धस्स होतं. लग्नघरातली सनई मुलगी सासरी निघताना वाजते तेव्हा वेगळीच ऐकू येते, वाद्य आणि वाजवणारा तोच असतो.

प्रश्न : स्कायवर्ड स्वोर्डमधलं गाणं म्हणजे अंगाई उलटी वाजवलेली आहे म्हणतात, खरंय का?
(वाचक, बेळगाव)

हो, खरंय. २०११ च्या त्या झेल्डा गेमची मुख्य धून शेवटाकडून सुरुवातीकडे वाजवा, झेल्डाची अंगाई निघते. फोनमध्ये रेकॉर्ड करून उलटी लावून बघा, हेडफोनची सुद्धा गरज नाही.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र मिळून एक छोटा मोबाइल गेम करतोय, घाटातली वाट, एक धनगर मुलगा, हरवलेली मेंढरं. पार्ट टू पण डोक्यात आहे. म्युझिकसाठी बजेट जवळजवळ नाही. सुरुवात कुठून करू?
(पुणे)

अरे वा, हा गेम मला खेळायचाय. बजेट नाही हे सध्या चांगलंच आहे असं समजा, नाहीतर पहिल्याच दिवशी चाळीस व्हायोलिन लावली असती तुम्ही. एकच चाल करा. ती मुलाच्या हातात द्या, म्हणजे तो बासरीवर किंवा शिट्टीवर ती वाजवतो आणि मेंढरं येतात असं काहीतरी, तीन-चार सुरांची, खेळणाऱ्याला बोटाने वाजवता येईल अशी. लांब असलेल्या मेंढराच्या घंटेचा सूरही त्याच चालीतला ठेवा. २००२ च्या विंड वेकर या झेल्डा गेममध्ये लढाई चालू असताना तलवारीचा वार लागला की चालू गाण्यातच एक ठोका पडतो, मारामारी पण गाण्याचा भाग होते, ते एकदा बघून घ्या.

रात्री गाणं बंद ठेवा, नुसते रातकिडे. ऑकारिनातल्या मोठ्या माळावर रात्री संगीत नसतंच, म्हणून पहाटे ते परत सुरू झालं की किती बरं वाटतं. आणि दिवसाची धून सलग एक ट्रॅक न करता लहान लहान तुकड्यांत करा आणि ते तुकडे उलटसुलट क्रमाने लागू देत, कोंडोंनी त्याच माळासाठी हेच केलं होतं, त्यामुळे अर्धा तास चाललं तरी चक्र परत सुरू झाल्याचं कळत नाही.

पार्ट टूमध्ये ही चाल पहिल्या मिनिटाला अजिबात वाजवू नका. मुलगा मोठा झालाय, घाट बदललाय, तेव्हा तिला अर्ध्या गेमपर्यंत थांबवून ठेवा आणि मग एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडून येऊ दे, थोडी चुकीची, कारण त्याला ती ऐकून ऐकून माहितीय.

लूप, म्हणजे परत परत वाजणारा तुकडा, तयार झाला की महागड्या हेडफोनवर तपासू नका. साध्या फोनच्या स्पीकरवर लावा, घरच्यांना न सांगता स्वयंपाकघरात ठेवून द्या, आणि संध्याकाळपर्यंत कुणी भाजी चिरता चिरता ती गुणगुणतंय का बघा. गुणगुणलं तर मला फाइल पाठवा.