"पेपर वाचते, पण कळत नाही, मॅडम"

"बी.ई.ला डिस्टिंक्शन होतं मॅडम, आणि आता एक रिसर्च पेपर धड कळत नाही. एम.ई. करायची माझी लायकीच नाही."

नेटवर्किंगचा प्रगत विषय घेतलेली मुलं नाशिकमध्ये माझ्याकडे येतात, तेव्हा शब्द थोडेफार बदलतात, रडगाणं हेच असतं. म्हणून एकीचा अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती दिंडोरीहून रोज एसटीने यायची. घरी द्राक्षबाग. सेमिनारला व्हॅन जेकबसन यांचा टीसीपी (इंटरनेटवर डेटा पोचवण्याची नियमपद्धत) आणि त्यातल्या कंजेशनवरचा, म्हणजे कोंडीवरचा, 1988 चा पेपर मिळाला होता. तो तिने चार वेळा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला होता. प्रिंटवर पिवळ्या रंगाशिवाय काही दिसत नव्हतं.

"सुरुवातीला काय घडलंय?" मी विचारलं.

"स्लो स्टार्ट, मग विंडो..."

"ते उपाय झाले. घडलं काय?"

तिला सांगता येईना. घडलं ते असं: ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कले लॅब आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातला डेटाचा वेग सेकंदाला 32 किलोबिटवरून 40 बिटवर आला. अंतर अवघं 400 यार्ड. हे असं का व्हावं, या कोड्यातून अख्खा पेपर निघाला आहे. तिने तो भाग प्रस्तावना समजून दर वेळी नुसता नजरेखालून घातला होता.

माझ्या मते खरी अडचण इथेच असते. बी.ई.पर्यंत उत्तर पाठ असलं की भागतं. मग पेपरही उत्तरासारखाच वाचला जातो. प्रश्नच मनात नाही, तर उत्तर टिकणार कुठे? आणि दोष जातो बुद्धीच्या माथी. लायकीवर मी चर्चा करत नाही. ती शंका समजूत घालून जात नाही, हातून काही घडलं की जाते.

म्हणून तिला एक काम दिलं. मिनिनेटमध्ये (एकाच संगणकावर आभासी नेटवर्क उभं करणारं साधन) तीन नोड: पाठवणारा, मधला राउटर, घेणारा. राउटरच्या घेणाऱ्याकडच्या इंटरफेसवर नेटेमने (लिनक्समध्ये वाट मुद्दाम मंद करायची सोय) रेट सेकंदाला 10 मेगाबिट, परतीच्या वाटेवर डिले 100 मिलिसेकंद. आधी कागदावर हिशेब: 10 मेगाबिट गुणिले 0.1 सेकंद म्हणजे 10 लाख बिट, 1,25,000 बाइट, 1500 बाइटची साधारण 83 पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे. वाटेत मावतात ती एवढीच. मग अट एकच: आयपर्फ (वाट भरेल इतका डेटा पाठवणारं साधन) चालू असताना पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, किती मिलिसेकंद येईल, तो आकडा आधी वहीत लिहायचा.

तिने लिहिलं, "100, फार तर 150." आलं 1300 च्या आसपास.

"बघा, चुकलंच. मला नाही जमत."

"पप्पा छाटणीनंतर डायरी लिहितात ना?"

"हो. किती डोळे ठेवले, किती घड धरतील."

"अंदाज चुकला तर?"

"कारण शोधतात. पाऊस झाला का, थंडी किती होती..."

"शेती करायची आपली लायकी नाही, असं म्हणतात?"

ती गप्प झाली. बराच वेळ. मग वही ओढून घेतली आणि आकडे मांडू लागली. "मॅडम, 1200 मिलिसेकंद जास्तीचे आहेत. या रेटने एक पॅकेट बाहेर पडायला 1.2 मिलिसेकंद लागतात. म्हणजे हजारएक पॅकेट रांगेत उभी आहेत!"

नेटेमची रांग आपण काही न सांगितल्यास 1000 पॅकेटची असते. ते मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. चुकलेला आकडा तिच्यासाठी निकाल होता, त्या क्षणी तो प्रश्न झाला. अशा वेळी मी तोंडून चकार शब्द काढत नाही. माझ्या कामातला तो सगळ्यात मोलाचा वेळ असतो.

तिने रांगेची लिमिट 100 पॅकेट केली. पिंग 220 च्या वर जाईना, पॅकेट गळू लागली, आणि जोडणीची स्थिती दाखवणाऱ्या एसएस कमांडमध्ये कंजेशन विंडो (पोच यायच्या आधी किती पॅकेट पाठवायची ती मर्यादा) वर चढून खाली कोसळताना दिसली. त्यानंतर वाचलेला पेपर तिला तासाभरात सांगता आला.

हे करून पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. टीएसओ, जीएसओ आणि जीआरओ हे ऑफलोड, म्हणजे पॅकेट एकत्र बांधून काम वाचवणाऱ्या सोयी, एथटूल कमांडने सगळ्या नोडवर बंद करा. नाहीतर अनेक पॅकेटचा एकच मोठा गठ्ठा रांगेत एक म्हणून मोजला जातो आणि हिशेब जुळत नाही. आणि नेटेम पाठवणाऱ्या नोडवर लावू नका. लिनक्स स्वतःच्या रांगेत टीसीपीला फार साचू देत नाही, त्यामुळे बघायचं तेच दिसत नाही. आयपर्फ निदान 60 सेकंद चालू द्या.

पेपर वाचतानाही हेच. पहिली 20 मिनिटं सारांश, प्रस्तावना, आकृत्या आणि निष्कर्ष. आकृतीचे अक्ष पाहा, रेघ हाताने झाका, ती कशी जाईल ते पेन्सिलीने काढा, मग हात उचला. जिथे तुमची रेघ वेगळी गेली, तिथला परिच्छेद नीट वाचा. गणित दुसऱ्या दिवशी. ज्यांना आकृतीआधीच समीकरण सोडवायची घाई होते, ती मुलं तिसऱ्या पानावर अडकतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहते.

शेवटच्या भेटीत तिने वही दाखवली. तीच 1000 ची रांग, पण टीसीपीचा वेग ठरवणाऱ्या क्युबिक पद्धतीच्या जागी बीबीआर ही दुसरी पद्धत. अंदाजाच्या रकान्यात 150 लिहिलं होतं, मोजमापाचा रकाना कोरा होता. लॅब साडेपाचला बंद होते, म्हणून ती लवकर उठली.