ताप गेला तरी ब्रुसेलाच्या गोळ्या कशाला?

प्रश्न: आमची म्हैस आठव्या महिन्यात गाभडली, वार अडकली होती ती धाकट्या भावानं हातानंच काढली. महिन्याभरानं त्याला ताप सुरू झाला, संध्याकाळी चढायचा, रात्री घामानं अंथरूण ओलं आणि कंबर धरूनच बसायचा. टायफॉईड समजून औषध झालं, फरक नाही. बेळगावात रक्त तपासल्यावर ब्रुसेला निघाला, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणारा जंतू. डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन सहा आठवड्यांसाठी दिलंय, पण ताप गेला तसा तो गोळ्या नको म्हणतोय. बंद केल्या तर चालतील का? पांढऱ्या पेशी जंतू खातात म्हणे, मग हा का मरत नाही?
- एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: बंद करू देऊ नका. का ते तुमच्या शेवटच्या प्रश्नातच आहे, म्हणून तिकडूनच सांगतो.

पांढऱ्या पेशी ब्रुसेलाला खातात हे खरंच आणि खाल्लेल्यातले बरेच मरतातही. गिळलेला जंतू पेशीच्या आत एका पिशवीत अडकतो, मग पेशी त्या पिशवीत अॅसिड सोडायला लागते, पीएच (हा आकडा जितका कमी तितकं अॅसिड जास्त) 4 ते 4.5 पर्यंत उतरतो आणि खायला तिथं फारसं काही नसतं. साधा जंतू इथंच संपतो. पण ब्रुसेलाच्या आवरणात बीव्हीआर-एस नावाचं एक प्रोटीन असतं, त्याला अॅसिड वाढलंय आणि खाणं कमी झालंय हे कळतं, ते आतल्या बीव्हीआर-आर या दुसऱ्या प्रोटीनला कळवतं आणि ते लागतील ते जीन्स (जनुकं) चालू करतं. म्हणजे बघा, ज्या अॅसिडनं याला मारायचं त्याच अॅसिडवरनं याला समजतं की आपण पेशीच्या आत पोचलोय! लॅबमध्ये हे तपासलंय, सुरुवातीलाच पिशवीत अॅसिड होऊ दिलं नाही तर ब्रुसेला पुढं वाढतच नाही.

चालू झालेल्या जीन्समधून विर-बी नावाची नळीसारखी यंत्रणा तयार होते, तिच्यातनं जंतू आपली प्रोटीन्स पेशीत सोडतो आणि मग ती पिशवी पेशीच्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमकडे वळते, जिथं पेशी स्वतःची प्रोटीन्स बनवते. तिथं तो निवांत वाढतो. त्याचं बाहेरचं आवरणही असं आहे की शरीराला धोका लवकर जाणवत नाही, म्हणून भावाला ताप यायला एवढे दिवस लागले.

आता गोळ्यांचं. जंतू पेशीच्या आत असल्यामुळं पेशीत शिरणारंच औषध लागतं, ही दोन्ही शिरतात. पण डॉक्सीसायक्लिन जंतूची वाढ रोखतं, लगेच मारून टाकत नाही, म्हणून वेळ लागतो आणि एकट्या औषधावर आजार उलटायची भीती जास्त म्हणून जोडी. जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 मध्येच ही जोडी सहा आठवडे द्यायला सांगितलंय. ताप गेला म्हणजे रक्तातले जंतू कमी झाले, पेशीतले अजून असू शकतात, मधेच सोडलं तर तेच परत उठतात. रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते, त्याला घाबरून गोळ्या सोडणारेही आहेत, तसं करू नका.

म्हैस का गाभडली तेही याच्याशीच जोडलेलं आहे. जनावराच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ असतो, तो ब्रुसेलाला फार मानवतो, म्हणून वारेत जंतू खच्चून भरतात. त्यामुळं वार उघड्या हातानं कधीच काढायची नाही, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा, पडलेली वार आणि मेलेलं वासरू चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका. दूध उकळूनच प्या, धारोष्ण अजिबात नको, घरात अजून कुणाला तसा ताप असेल तर त्यांचंही रक्त तपासा. गोठ्यात 4 ते 8 महिन्यांच्या रेड्या, कालवडी असतील तर त्यांना लस मिळते, फक्त मादी वासरांना, आयुष्यात एकदाच. ती लस जिवंत जंतूंची असते, स्वतः टोचायला जाऊ नका.

आणि भावाची कंबर अजून दुखत असेल तर डॉक्टरांना ते ठळकपणे सांगा, हा जंतू मणक्यात बसतो, तसं असेल तर एमआरआय काढावा लागतो आणि औषध सहा आठवड्यांवर न थांबता तीन महिने तरी चालतं.