बाईकचा आवाज आला की अजून पोटात गोळा येतो

बऱ्याच जणी हेच विचारतात, मॅडम, नवऱ्याचं घर सोडून वर्ष होत आलं, आता मारहाण नाही काही नाही, तरी मी घाबरते, मी मनाने कमजोरच आहे का?

मागे माझ्याकडे एक ताई यायच्या (ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदललेत), पोळीभाजी केंद्रात कामाला, मुलीला घेऊन आईकडे राहायच्या. खाली कुणी बाईक स्टँडला लावली की हातातलं लाटणं थांबायचं, मग स्वतःवरच चिडायच्या. "१२ वर्षं नुसतं सोसलं हो, केलं काहीच नाही."

मी म्हटलं बरं, त्यातला एक दिवस सांगा. तर सांगता सांगता सहज बोलून गेल्या की स्टँड कसा आपटला यावरून त्यांना कळायचं नवरा आज पिऊन आलाय का, आणि तो जिना चढेपर्यंत पोरगी शेजारच्या काकूंकडे अभ्यासाला गेलेली असायची. आधार, रेशनकार्ड, सगळ्याच्या झेरॉक्स पण काकूंच्याच कपाटात, आणि तांदळाच्या डब्यात साठवलेले पैसे वेगळेच. आता याला काहीच केलं नाही म्हणायचं? त्या कानांनीच पोरीला वाचवलं, ते एवढ्यात कसे गप्प बसतील.

"खंबीर राहा" हे मी कुणालाच सांगत नाही, अजून किती राहायचं बाईने? आणि नुसतं बोलून भागतही नाही, कारण यांचा नवरा खरंच आईच्या बिल्डिंगखाली येऊन थांबायचा. मग २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली, त्यासाठीच नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत अर्ज केला, वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळाला, आणि कोर्टाने त्याला तिथे यायला आणि फोन करायला मनाई केली. हा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे त्यालाही माहीत होतं. त्यानंतर कुठे यांना सलग झोप लागायला लागली.

मधे एकदा त्याचा रडका मेसेज आला तेव्हा परत जावंसं वाटलं होतं, तेही त्यांनी मला तोंडावर सांगितलं. वाटतं तसं, संसार केलेला असतो.

तुमच्याकडे त्रास अजून चालू असेल तर आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, जीवावर बेतलं असेल तर सरळ पोलिसांना, ११२ वर. कमजोर की खंबीर ते नंतर बघू.