पत्ते वाढत जातात आणि गाडी मात्र घाटातच घसरते

प्रश्न : आम्ही चौघं लातूरला मिळून घरीच रॅलीचा बोर्ड गेम बनवलाय, डेक बिल्डिंग (म्हणजे खेळता खेळता नवे पत्ते घेऊन आपला गठ्ठा, डेक, बनवायचा) अन् फासे दोन्ही. मार्ग कन्नडचा औट्रम घाट. पण मी सगळ्यात जास्त पत्ते घेतो तरी सारखा हरायलोय. फाशांचा दोष हाय का?

उत्तर : नाही हो, दोष बहुतेक त्या जास्त पत्त्यांचाच आहे. बघा, 10 पत्त्यांचा डेक आणि हातात 5 असले की तुमचा भारी टर्बोचा पत्ता साधारण दर दुसऱ्या डावाला येतो, तेच डेक 20 चा झाला की चार डावांत एकदा, म्हणजे वळण निघून जातं अन् पत्ता खालीच पडलेला. 2008 च्या डोमिनियन या डेक बिल्डिंगच्या गेमपासून हे गणित बदललेलं नाही, त्यामुळं सुरुवातीचे रद्दी पत्ते काढून टाकायची सोय तुमच्या गेममध्ये नसेल तर आधी ती घाला, माझ्या मते निम्मा गेम तिथंच सुधारतो.

आता फासे. सहा बाजूंपैकी एकीवर घसरण असेल तर 2 फाशांत निदान एक घसरण यायची शक्यता 31 टक्के, 4 फाशांत 52. म्हणून घाटात दोनच टाका, सपाटीला चार. 2009 च्या रॅलीमॅन या रॅलीच्या बोर्ड गेममध्ये फासे एकेक करून टाकता येतात किंवा सगळे एकदम, एकदम टाकले तर सेकंद वाचतात पण थांबता येत नाही, हा नियम मला लै आवडतो, तुम्ही पण घ्या. अन् रॅलीत स्पर्धा घड्याळाशी असते, तेव्हा गाड्या एकमेकींना अडवतात तो नियम असला तर काढूनच टाका.